तिसरा खेळ : सातारा-सांगलीच्या जत्रांतील भयपटांची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की आधी स्थापनेची तारीख, नोंदणी क्रमांक आणि पहिल्या कार्यकारिणीचा पिवळा पडलेला फोटो शोधायचा. आमच्या संस्थेकडे यातलं काहीच नाही. घटना नाही, अध्यक्ष नाही, वर्गणीचं पुस्तकही नाही. तरीही दर हिवाळ्यात ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या माळावर ती भरत आली. तिचं काम कापडी तंबूत चालायचं आणि रात्री बाराच्या पुढे रंगायचं. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा तिसरा खेळ, म्हणजे भुताच्या सिनेमाचा खेळ, हीच आमची संस्था.

महाबळेश्वरात चित्रित झालेल्या ‘दो गज जमीन के नीचे’ या चित्रपटाची पन्नाशी उलटली, त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी हा वृत्तांत लिहिला आहे. स्पेनमधल्या सीजेस गावात १९६८ पासून भयपटांचा आणि अद्भुतपटांचा महोत्सव भरतो. जगभरचे शौकीन तिकडे जातात आणि त्याची गणना या प्रकारातल्या सर्वांत जुन्या महोत्सवांत होते. त्याचा मान त्याला द्यायलाच हवा. पण रात्रभर एकत्र बसून घाबरायचं आणि सकाळी देवदर्शन करून घरी जायचं, ही रीत म्हसवड, पुसेगाव, पाल, औंध, खरसुंडी, जत या गावांना कोणी परदेशातून शिकवली नाही. महोत्सव हा शब्द आमच्याकडे उशिरा आला. जत्रा होतीच.

पूर्वपीठिका : १८४३ ते १९३०

मुळं शोधायची तर सांगलीतूनच सुरुवात करावी लागते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षसांचा प्रवेश कसा व्हायचा, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. राळेचे भपके, तलवारींचा खणखणाट, अंगावर येणाऱ्या आरोळ्या. पुढे सुशिक्षितांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं, ते त्या आरोळ्यांवरूनच. आम्हाला त्या नावाचा अभिमान वाटतो. मराठी प्रेक्षक पैसे मोजून घाबरायला शिकला तो अललडुर्रमध्येच.

१८९२ पासून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ‘शांबरिक खरोलिका’ घेऊन फिरू लागले. काचेवरची रंगीत चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची आणि ती हलती भासवायची, असा तो खेळ होता. मुंबईत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा १८९६ च्या जुलैत आला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. अंधार, पडदा, उजेड आणि गावोगाव हिंडणारा माणूस ही पुढच्या तंबूची सगळी सामग्री त्यात आलेली दिसते.

१९२० साली शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की प्रेक्षकांना तो सोसेना आणि तेवढा भाग कापावा लागला. कृष्णा-पंचगंगेच्या मुलखात पडद्यावरच्या भीतीला मिळालेली ही पहिली पावती म्हणायला हरकत नाही.

१९३१ ते १९७० : आवाज सांगलीचा

या चार दशकांचा वृत्तांत थोडक्यात देतो. बोलपट आले, ट्रकवर यंत्र चढवून गावोगाव फिरणारे तंबू वाढले आणि संत व देव यांच्या जोडीला मारामारीचे पट जत्रांत लागू लागले.

एक गोष्ट मात्र विस्ताराने सांगितलीच पाहिजे. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड १९३० च्या दशकात सांगलीत होतं. आशा भोसले आणि हृदयनाथ यांचे जन्म याच परिसरातले आणि लताबाईंचं बालपण इथलं. पुढे १९४९ साली कमाल अमरोहींचा ‘महल’ आला. पडक्या वाड्यात झोपाळ्यावर बसून गाणारी ती बाई खरी की भूत, यावर तो अख्खा सिनेमा उभा आहे. तिला आवाज दिला होता लताबाईंनी. पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव छापलेलं नव्हतं, ‘कामिनी’ हे पात्राचंच नाव होतं. लोक रेडिओला पत्रं पाठवून विचारत होते की ही गाते कोण! १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये आणि १९६४ च्या ‘वह कौन थी’मध्ये रानातून, धुक्यातून आला तोही हाच आवाज. ‘बीस साल बाद’च्या गाण्याला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. हिंदी सिनेमातल्या पांढऱ्या साडीतल्या भुताचा गळा सांगलीच्या घरात घडला, हे आमच्या संस्थेच्या वतीने एकदा लेखी नोंदवून ठेवायचं होतं. ते इथे नोंदवतो.

१९७१ ते १९८० : महाबळेश्वरचे चाळीस दिवस

स्थापना म्हणायची तर ती याच दशकात झाली आणि तीही सातारा जिल्ह्यात.

फतेहचंद रामसिंघानी कराचीचे. तिथे त्यांचं रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान मांडलं. रामसिंघानीचं ‘रामसे’ झालं. मुलगे सात : कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. वडिलांना सिनेमाचा नाद होता. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर सैतानी मुखवटा घालून संग्रहालय लुटायला येतात, तेवढा प्रसंग बघायला माणसं तिकीट काढून आत जात आणि तो संपला की उठून बाहेर पडत. तुलसी आणि श्याम यांनी ते हेरलं आणि वडिलांपुढे हिशेब मांडला : लोकांना भीतीच हवी आहे, तर नुसती भीतीच का देऊ नये?

मग सगळं कुटुंब बसमध्ये बसून महाबळेश्वरला आलं. सरकारी विश्रामगृहाच्या खोल्या घेतल्या. घरच्या बायका स्वयंपाक करीत आणि नटांचे कपडे घरून आणलेले असत. गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजावर, कुमार लेखनावर, अर्जुन संकलनावर, केशू पडेल त्या कामावर, तुलसी-श्याम दिग्दर्शनावर. सुमारे चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये एवढ्यात काम उरकलं, असं रामसे मंडळी मुलाखतींतून सांगत आली. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ प्रदर्शित झाला आणि चालला. नामवंत नट नाही, मोठा सेट नाही. महाबळेश्वरचं धुकं होतं आणि त्याला भाडं लागत नव्हतं.

पुढे त्यांच्या सिनेमाचं खरं गिऱ्हाईक मुंबईच्या बड्या थिएटरांत नव्हतं. तालुक्याच्या गावी, जत्रेच्या माळावर, आमच्याकडे होतं. जिथलं धुकं कॅमेऱ्यात भरून नेलं, तिथेच ते रिळांच्या पेटीत घालून परत आणलं.

याच दशकात मराठीनेही आपला वाटा उचलला. १९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. आशा काळे, काशीनाथ घाणेकर आणि ते नरसूचं भूत. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, म्हणजे पुन्हा सांगली. त्यातलं भूत शेवटी माणसाचंच निघतं. सातारकरांना ते विशेष पटलं, त्याचं कारण पुढे येईल.

१९८१ ते १९९० : भरभराट

आमच्या इतिहासातलं हे सोन्याचं पान, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि वळवाच्या पावसाने संपायचा. मार्गशीर्षात म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ, जतची यल्लमा, पुसेगावला सेवागिरी महाराज. पौषात पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न, औंधची यमाई, खरसुंडीचा खिलार बैलांचा बाजार. चैत्रात शिखर शिंगणापूर आणि आरेवाडीचा बिरोबा. ट्रकांचा ताफा एका माळावरून दुसऱ्या माळावर निघायचा. दुपारपर्यंत खांब उभे, कनाती ताणलेल्या, पडदा बांधलेला. यंत्र ट्रकमध्येच असायचं आणि कनातीच्या फटीतून झोत आत यायचा. कार्बनच्या कांड्या जळत, जनरेटर धडधडे. ऑपरेटर एका हाताने रीळ गुंडाळी आणि दुसऱ्या हाताने कांडी पुढे सरकवी. बसायला जमीन. घोंगडी ज्याची त्याने आणायची. बायकांची बाजू निराळी, मधे दोरी.

कापडी तंबूत दिवसा खेळ करता येत नाही, त्यामुळे सगळा धंदा रात्रीचा. पहिला खेळ बायका-मुलांचा, तो देवाचा किंवा घरगुती. दुसरा मारामारीचा. तिसरा आमचा. तो तिसराच का, याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. जत्रेला लांबून आलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा नसे. पौषातला गारठा, उघडा माळ, परतीची एसटी सकाळी. तंबूचं तिकीट हाच त्याचा मुक्काम. तो झोपायलाच आत यायचा. झोपलेल्यांच्या तंबूत काय लावायचं? मालकांनी ओळखलं की अशा वेळी एक किंकाळी शंभर जाहिरातींच्या मोलाची. अर्धा तंबू घोरत असायचा, अर्धा जागा. किंकाळीला घोरणारा अर्धा दचकून उठायचा आणि जागा अर्धा त्याच्याकडे बघून हसायचा. या दोन अर्ध्यांचं नातं ज्याने पाहिलं नाही, त्याला आमच्या संस्थेचं काम कळणार नाही.

१९८४ चा ‘पुराना मंदिर’ हा या काळाचा राजा. रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेले उंचापुरे अनिरुद्ध अग्रवाल त्यात सामरी हा सैतान झाले. त्यांचा चेहरा पडद्यावर आला की पुढे बसलेली पोरं आपसूक मागे सरकायची. मधे जगदीप ‘शोले’ची टिंगल करायचे, तेवढ्यात चहावाला फिरून जाई. मग ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’ आणि १९९० चा ‘बंद दरवाजा’. ‘वीराना’ची कल्पना कशी सुचली याची एक गोष्ट रामसे कुटुंबात सांगतात. महाबळेश्वरहून रात्री एकट्याने गाडी हाकत परतणाऱ्या श्याम रामसेंना वाटेत एका बाईने हात केला. ती शेजारी येऊन बसली आणि त्यांनी खाली पाहिलं तर तिची पावलं उलटी. आमच्याकडच्या कोणत्याही आजीला विचारलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं की हडळीची पावलं उलटीच असतात, गाडी थांबवायचीच कशाला! ती बाई पसरणीच्या घाटात भेटली की आंबेनळीच्या, यावर आमच्या मंडळींत दोन तट आहेत. त्या वादाच्या तपशिलात इथे जाण्याचं कारण नाही.

या दशकात जागेवरून आणि कर्ण्यांच्या आवाजावरून तंबूवाल्यांत, तसेच तंबूवाले आणि तमाशावाले यांच्यात काही मतभेद झाले. ते यथावकाश मिटले. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या तमाशाची गर्दी ओसरली की तिच्यातलेच लोक आमच्याकडे यायचे, त्यामुळे वैर धरण्यात कोणाचंच हित नव्हतं.

संस्थेचे खरे कार्यकर्ते कोण, हेही सांगायला हवं. खांब पुरणारे, कनात शिवणारे, फाटक सांभाळणारे, कनातीखालून घुसणाऱ्या पोरांना कान धरून बाहेर काढणारे, आणि फारच लहान असलं तर न पाहिल्यासारखं करणारे. पेटी वेळेवर आणण्यासाठी रात्रभर ट्रक हाकणारे. आणि पुकारा करणारे. त्यांच्या आवाजात अशी जरब असे की सिनेमा त्यापुढे कधीकधी फिका पडे. ‘काळीज कमकुवत असलेल्यांनी आत येऊ नये’ अशी पुकार झाली की म्हातारेकोतारेही हट्टाने रांगेत उभे राहत. या साऱ्यांची नावं कोणत्याही पोस्टरवर नाहीत, म्हणून इथे कोणा एकाचं नाव घेणं उचित वाटत नाही. श्रेय सगळ्यांचं आहे.

प्रस्तुत लेखकाने ‘पुराना मंदिर’ अशाच एका तंबूत मामाच्या घोंगडीत शिरून पाहिला. खेळ सुटल्यावर परतीच्या वाटेवर एक पिंपळ होता आणि त्यावर मुंजा असल्याची वदंता होती. पडद्यावरच्या सामरीपेक्षा तो पिंपळ कितीतरी भारी पडला. मामा पुढे चालत, मोठमोठ्याने अभंग म्हणत होते. त्यांना एरवी कोणी अभंग म्हणताना ऐकलं नव्हतं.

१९९१ ते २००० : भूत घरात आलं

१९९३ साल आमच्यासाठी दुहेरी ठरलं. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला, रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तात्या विंचूला हातपाय दिले आणि तंबूंना बऱ्याच वर्षांनी हक्काचं मराठी भूत मिळालं. लक्ष्मीकांत बेर्डे ज्याला घाबरतात त्याला हसावं की आपणही घाबरावं, हे पोरांना ठरवता येईना, म्हणून ती दोन्ही करीत.

त्याच वर्षी रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ दूरचित्रवाणीवर सुरू झाला. ज्यांनी तंबू भरले, त्यांनीच आता प्रेक्षक घरी बसवला. याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. माणसाने पोटाचं पाहायचं असतं. शिवाय ऐन किंकाळीच्या वेळी वीज जायची, मग घरातल्या काळोखात जे व्हायचं ते कोणत्याही दिग्दर्शकाला साधलं नसतं. पुढच्या वर्षी ‘जुरासिक पार्क’ हिंदी बोलू लागला आणि भुताची जागा काही हंगाम डायनासोरने घेतली.

आता साताऱ्याच्या दुसऱ्या बाजूविषयी, मघाशी राखून ठेवलेल्या कारणाविषयी. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि तिचं केंद्र साताऱ्यातच राहिलं. जिथे सामरीचा पडदा लागायचा त्याच पट्ट्यातल्या गावांत समितीचे कार्यकर्ते पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवीत, भूत अंगात येणं म्हणजे काय ते समजावून सांगत. बाहेरच्याला ही विसंगती वाटेल. आम्हाला कधी वाटली नाही. तिसऱ्या खेळाने प्रेक्षकाकडे भुतावर विश्वास कधी मागितला नाही, मागितलं ते फक्त तिकीट. भूत म्हणजे मुखवटा, धूर आणि मागून वाजणारं वाद्य आहे, हे ज्याला तंबूत बसून कळलं, तो भगताच्या गंडादोऱ्याला सहसा फसला नाही, असं आमचं निरीक्षण आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉक्टरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षाअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा झाला. या स्मरणिकेत त्यांचं स्मरण व्हावं, हा आमचा आग्रह होता.

२००१ ते २०१० : पडता काळ

या दशकाविषयी फार लिहिण्यासारखं नाही. सीडी आली, केबल पसरली, रिळांच्या प्रती मिळेनाशा झाल्या, डिझेल महागलं. अनेक तंबू कायमचे गुंडाळले गेले. ट्रक भंगारात गेले. काही यंत्रं गोठ्यात पडली आणि त्यांच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

२०११ पासून : जगाची पावती

आपण संपत आलो तेव्हा जगाने आपल्याकडे पाहिलं. २०११ साली अमित मधेशिया यांना महाराष्ट्रातल्या तंबूंमधल्या प्रेक्षकांच्या छायाचित्रांसाठी वर्ल्ड प्रेस फोटोचं पारितोषिक मिळालं. त्या छायाचित्रांत पडदा दिसत नाही. दिसतात ते पडद्याच्या उजेडात उजळलेले चेहरे, मफलरीत गुंडाळलेले, आ वासलेले. त्यांनी आणि शर्ली अब्राहम यांनी अनेक वर्षं तंबूंमागे फिरून केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला विशेष उल्लेख मिळाला. त्याआधी २०१३ साली गजेंद्र अहिरे यांनी ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी चित्रपट केला होता.

आणि मग ‘तुंबाड’. नारायण धारपांची पुस्तकं भाड्याच्या वाचनालयांतून चादरीखाली वाचणारी एक पिढी आमच्या दोन्ही जिल्ह्यांत होती. धारपांच्या एका कथेची गोष्ट राही अनिल बर्वे यांना मित्राने लहानपणी रानात सांगितली, तिथून हा सिनेमा उगवला. २०१८ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. पुढे तो सीजेसला गेला आणि छायाचित्रणाचं पारितोषिक पंकज कुमार यांनी मिळवलं. मराठी मातीतलं भूत अखेर भयपटांच्या पंढरीला पोचलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई झाली. रात्रीच्या खेळांना गर्दी होती आणि त्या गर्दीत साताऱ्या-सांगलीहून पुण्याला नोकरीला गेलेली मंडळी आम्ही पाहिली.

ब्रुसेल्सला १९८३ पासून असाच एक महोत्सव भरतो. तिथला प्रेक्षक पडद्यावरच्या पात्राला ओरडून सावध करतो, दार उघडू नको म्हणून सांगतो, आणि त्याचं जगभर कौतुक होतं. ‘मागं बघ की रं!’ ही हाक आमच्या तंबूत त्याच्याही आधीपासून दिली जात होती. कौतुक करायला कोणी नव्हतं एवढंच.

सध्याचे कार्य

२०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे बऱ्याच जत्रा भरल्या नाहीत आणि तिथले तंबूही लागले नाहीत. आता उरलेले तंबू बोटांवर मोजावेत इतके आहेत. रिळांच्या जागी डिजिटल यंत्र आहे, कार्बनची कांडी ज्याने पाहिली नाही असा मुलगा ते चालवतो. महाबळेश्वरात धुकं अजून फुकट मिळतं, त्यामुळे मोबाइलवर भुताच्या छोट्या फिल्म करणारी कॉलेजची मुलं तिथे दिसतात. त्यांतली काही या स्मरणिकेच्या कामातही होती.

जुन्या वस्तू गोळा करण्याचं काम हाती घेतलं आहे. आत्तापर्यंत काही हस्तपत्रकं, एक फुटका कर्णा आणि कनातीचा एक तुकडा मिळाला. पुकाऱ्यांच्या आवाजाची एकही ध्वनिफीत मिळालेली नाही. जत्रेत टेपरेकॉर्डर घेऊन फिरणारी हौशी माणसं त्या काळी पुष्कळ होती. कोणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी कॅसेट असेल तर ती आधी वाजवून पाहू नये, फीत तुटते. तशीच आणून द्यावी.